माती खाणारी मुलगी आणि शाळेचा हिशेब

(फोंडा तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर ‘विकसनशील देशांतील शिक्षण व आरोग्याचे अर्थशास्त्र’ असा विषय छापला आहे. कॉलेजात मी बरीच वर्षं हेच शिकवलं, फळ्यावर आलेख काढून. आज फळा मागवला नाही. सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीपासून करतो.

तिला आम्ही माई म्हणायचो. आमचं घर कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला लागून. आई भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या पोफळींत कामाला जायची आणि माई पाच-सहा वर्षांची झाल्यापासून तिच्यामागून. पडलेल्या सुपाऱ्या वेचायच्या, पाटाचं पाणी आळ्यांत वळवायचं. पायांत काही नाही. कुळागर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ऊन खाली पोचत नाही, पाचोळा कुजत पडलेला, माती वर्षभर ओली. त्या काळी कामकरी माणसं त्याच झाडांच्या आडोशाला शौचाला जायची.

माई भिंतीचे पोपडे काढून खायची. कच्चे तांदूळ, चुलीची माती, मिळेल ते. आईने मारलं, तोंडात मिरची घातली, सवय सुटली नाही. शाळेत दुपारनंतर बाकावर डोकं टेकून झोपायची. मास्तर तिला आळशी म्हणायचे आणि घरात आम्हीही तेच म्हणू लागलो. चौथीत दोनदा नापास झाली आणि नाव काढून टाकलं.

पुढे लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून कागदासारखी पांढरी. जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. काही महिन्यांनी माहेरी आली तेव्हा आईला म्हणाली, “आई, मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दमायला होतं.”

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तिच्या पोटात होते ते अंकुशकृमी. इंग्रजीत हूकवर्म. त्यांची अंडी शौचावाटे मातीत पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या ओल्या, सावलीतल्या मातीत जगतात, तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून घशावाटे आतड्यात जातात. तिथे चिकटून रक्त पितात. माणूस आजारी दिसत नाही. फक्त पिवळट पडतो, दमतो, आणि माती खावीशी वाटते. म्हणजे माई दवाखान्याच्या वहीत कधी आलीच नाही, कारण ती रोगी नव्हती. शाळेच्या वहीत ती ‘नापास’ होती. एकच पोर, दोन खात्यांच्या दोन वह्या, आणि खरं कारण दोन्हींत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे की हा हिशेब एका वहीत मांडल्याशिवाय जुळत नाही.

अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांसमोर मांडलं की शिक्षणावर आणि आरोग्यावर होणारा खर्च ही गुंतवणूक आहे, माणसात केलेली. तेव्हा पुष्कळांना ते खटकलं होतं, माणूस काय यंत्र आहे का म्हणून. १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. पण तत्त्व मान्य झालं तरी कुठे घातलेला रुपया किती परत देतो, हे मोजणं राहिलंच होतं. ते मोजायचं काम पश्चिम केनियात, युगांडाच्या सीमेवरच्या बुसिया भागात झालं.

१९९८ पासून तिथल्या ७५ प्राथमिक शाळांत मुलांना जंताच्या गोळ्या दिल्या गेल्या. सगळ्या शाळांना एकदम नाही. काहींना आधी, काहींना नंतर, म्हणजे दोघांची तुलना करता यावी. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी मोजदाद केली. गोळी मिळालेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. शिवाय त्याच शाळांतली ज्यांनी गोळी घेतलीच नव्हती ती मुलं, आणि आसपासच्या शाळांतलीही, जास्त येऊ लागली. कारण उघड आहे: शेजारच्याच्या पोटातले जंत गेले की आपल्या वाटेवरच्या मातीत अळ्या कमी. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं, तेव्हा ज्यांना जास्त काळ गोळ्या मिळाल्या होत्या त्यांची ताशी कमाई सुमारे १३ टक्के अधिक निघाली.

या अभ्यासावर आक्षेपही आले आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि शेजारच्या शाळांना झालेल्या फायद्याचा आकडा फुगलेला आहे असं म्हटलं. सरसकट सगळ्यांना गोळी देऊन सरासरी फार फरक पडतो का, यावर डॉक्टर मंडळींत वाद चालू आहे. माझं मत असं की जिथे जंत खरोखर आहेत तिथे इतक्या स्वस्त गोष्टीसाठी वाद संपायची वाट पाहू नये.

आता किमतीकडे येतो. फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही, हे आपल्याकडे फार ऐकू येतं. केनियात काही शाळांत पालकांकडून गोळीचे थोडेसे पैसे मागितले. जिथे फुकट होती तिथे ७५ टक्के मुलं घेत होती, पैसे लावताच १८ टक्क्यांवर आली. बरं, ज्यांनी पैसे भरले ती जास्त आजारी मुलं होती असंही नाही. मच्छरदाण्यांच्या बाबतीत तिथे तेच दिसलं, आणि फुकट मिळालेली मच्छरदाणी लोक विकत घेतलेलीइतकीच वापरत होते. दुखणं आलं की माणूस दागिना गहाण ठेवतो, पण न आलेल्या दुखण्यासाठी दहा रुपये काढताना त्याचा हात थांबतो. यात गरिबांचं काही वेगळं नाही. आपणही रक्तदाब तपासायला किती वेळा आपणहून जातो?

उदयपूरचा दाखला मला फार आवडतो. तिथल्या खेड्यांत सेवा मंदिर या संस्थेने लसीकरणाची शिबिरं ठरलेल्या दिवशी न चुकता भरवली. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के मुलांचं होतं, शिबिरांच्या गावांत १८ टक्के. मग काही गावांत प्रत्येक लशीमागे आईला एक किलो डाळ द्यायला सुरुवात केली आणि सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की ताटांचा संच. तिथे आकडा ३९ टक्क्यांवर गेला. डाळीचा खर्च वाढला, मग महाग पडलं असेल? उलट दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. परिचारिकेचा पगार, गाडी, शीतपेटी हे सगळं तीन मुलं आली तरी तेवढंच आणि पंधरा आली तरी तेवढंच.

आपल्या गोव्याचं काय? २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८८.७ टक्के. वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ च्या पणजीतल्या पोर्तुगीजकालीन शाळेपासूनची, तीच पुढे आजचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत मोठ्या उपचारांना विमा आहे. ही कमाई छोटी नाही. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास रक्तक्षयी आढळली. कारण एकटे जंत नव्हेत, आहारही आहे. पण ही मुलं उद्या बाकावर डोकं टेकतील, तेव्हा त्यांना आळशी म्हणणारं कुणीतरी असेलच.

हजेरी वाढली म्हणजे शिक्षण झालं, असं मात्र समजू नका. बुसियातल्या मुलांचे परीक्षेतले गुण गोळीमुळे वाढले नाहीत. त्याच भागात पूर्वी शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली होती. फायदा फक्त आधीच पुढे असलेल्या मुलांना झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि इंग्रजी ही पुष्कळांची तिसरी भाषा. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, म्हणून या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या हाती पाटी आली. आज त्यांतल्या कित्येक शाळा पट नाही म्हणून बंद पडतात आणि इंग्रजी पहिलीत बसलेलं पोर घरी कोंकणी-मराठी बोलतं. पालकांना मी दोष देत नाही, नोकरी त्यांना दिसते आहे. पण ते पोर वाचतं आहे की नुसतं पान उलटतं आहे, हे कुणी तपासतं का? मुंबई-वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच मुलींना बालसखी म्हणून नेमलं, मागे पडलेल्या मुलांना त्या वेगळं बसवून पायापासून शिकवायच्या. सर्वांत मागच्या मुलांची प्रगती सर्वांत जास्त झाली. याला इमारत लागली नाही.

कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के मागितले होते, २०१७ च्या आरोग्य धोरणाने आरोग्याला अडीच. दोन्ही आपण अजून गाठलेले नाहीत. यावर बोलायला दुसरं व्याख्यान लागेल.

दहा फेब्रुवारीला देशभर जंतनाशक दिन असतो, २०१५ साली काही राज्यांत सुरू झालेला. गेल्या खेपेला मी आमच्या अंगणवाडीच्या बायसोबत गेलो होतो. गावाच्या टोकाला इमारतीचं काम चाललं आहे, तिथे पत्र्याच्या खोल्यांत कर्नाटकातून आलेली कुटुंबं राहतात. सहा मुलं होती. एक मुलगी चार वर्षांची असेल, पाय सिमेंटच्या चिखलाने माखलेले. गोळी चावताना तिने डोळे घट्ट मिटले आणि मग जीभ काढून दाखवली, संपली म्हणून. तिचा भाऊ मागे उभा होता, वय अकरा, कुठल्याच शाळेत नाव नाही. बायने त्यालाही गोळी दिली आणि वहीत नाव लिहून घेतलं. ते नाव अजून त्या एकाच वहीत आहे. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, कार्यक्रम संपला की मी तुमच्याकडेच येतो आहे, तो मुलगा बाहेर व्हरांड्यात थांबला आहे.