मोरिगन, आपल्या सवडीनं

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडच्या प्राचीन कथांमध्ये मोरिगन नावाची एक देवी आहे. आज तिची ओळख होते ती बहुधा चित्रांतून. काळे पंख, हातात तलवार, मागे रक्तानं भिजलेलं रणांगण आणि खाली लिहिलेलं असतं, ‘युद्धदेवता’. या देवीचा मी सध्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमातून अभ्यास करते आहे. त्याला वर्ग नाही, वेळापत्रक नाही, परीक्षेची तारीख नाही. ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकायची, दिलेले उतारे वाचायचे आणि आपल्या सवडीनं पुढे जायचं. सवड म्हटलं की रेंगाळणं आलंच, आणि मोरिगनच्या बाबतीत हे रेंगाळणंच कामाचं ठरतं. एकाच कथेपाशी महिनाभर थांबलं, की ‘युद्धदेवता’ हे लेबल किती अपुरं आहे ते दिसायला लागतं.

आधी साधनांविषयी. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये लिपी होती ती ओगमची, म्हणजे दगडाच्या कडेवर कोरलेल्या रेघांची. तिच्यात सापडतात ती मुख्यतः माणसांची नावं. कथा त्या लिपीत कुणी लिहिल्या नाहीत. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला, त्याच्यासोबत लॅटिन लिपी आली आणि पुढे मठांतल्या लेखनिकांनी जुन्या कथा उतरवून काढल्या. त्यांतलं एक मोठं हस्तलिखित इसवी सन 1100 च्या सुमारास क्लॉनमॅकनॉइसच्या मठात तयार झालं, दुसरं बाराव्या शतकातलं, लेन्स्टर प्रांतातलं. म्हणजे मोरिगनविषयीचं प्रत्येक वाक्य तिची पूजा न करणाऱ्या माणसाच्या हातून आपल्यापर्यंत आलं आहे. नवव्या शतकातल्या एका लॅटिन बायबलच्या टिपणात तर तिचं नाव ‘स्त्रीरूपातली राक्षसी’ या अर्थानंच वापरलेलं आहे. हे आधी ठाऊक असलं की पुढचं वाचन सावधपणे होतं.

आता कथांकडे येऊ. सुरुवातीला ‘तॉइन बो रेगम्ना’ नावाची छोटी कथा घ्यावी, असं माझं मत आहे. अल्स्टर प्रांताचा वीर कू खुलिन रात्री झोपलेला आहे. उत्तरेकडून एक भयंकर आरोळी ऐकू येते. तो अंगावर वस्त्र न घेता धावत सुटतो आणि त्याची बायको कपडे घेऊन मागोमाग पळते. पुढे त्याला एक रथ दिसतो. रथाला एकच तांबडा घोडा, त्याला पायही एकच, आणि रथाचा दांडा घोड्याच्या अंगातून आरपार जाऊन कपाळातून बाहेर आलेला. आत तांबड्या भुवयांची, तांबडा झगा घातलेली एक बाई. शेजारी एक धिप्पाड पुरुष काठीनं गाय हाकत चाललेला. कू खुलिन म्हणतो, ही गाय अल्स्टरची आहे, ती अशी नेता येणार नाही. शब्दानं शब्द वाढतो. तो रथावर झेप घेतो, तर रथ, घोडा, माणूस सगळंच नाहीसं होतं आणि ती बाई फांदीवर बसलेला काळा पक्षी झालेली असते. मग ती सांगते, मी तुझ्या मृत्यूची राखण करते आहे, आणि करत राहीन.

या वाक्यापाशी मी फार दिवस थांबले. राखण कशाची? मृत्यूनं वेळेआधी त्याला गाठू नये याची, की मृत्यू टळू नये याची? कथा उत्तर देत नाही. पण गायीचा हिशोब मात्र चोख देते. कॉनॉट प्रांतातल्या क्रूआखनच्या टेकडीतून ही गाय तिनं कूलिन्ये नावाच्या भागातल्या प्रसिद्ध तपकिरी वळूकडे नेली होती आणि ती फळवून परत चालवली होती. गायीच्या पोटातलं वासरू वर्षाचं होईपर्यंतच कू खुलिनचं आयुष्य आहे, असं ती बजावते. वीराच्या मरणाची घटिका गाभण गायीवर टांगलेली आहे.

आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतात. त्यांतल्या कितीतरी दगडांवर गायी कोरलेल्या दिसतात आणि त्या सोडवताना पडलेला वीर दिसतो. ज्यांनी असा वीरगळ निरखून पाहिला आहे, त्यांना जुन्या आयर्लंडमध्ये युद्ध आणि गुरं यांची गाठ का पडते हे वेगळं समजवावं लागणार नाही. तिथंही श्रीमंती गुरांत मोजत आणि राजे एकमेकांची गुरं पळवत. आयरिश महाकाव्य म्हणावं असं ‘तॉइन बो कूलिन्ये’ हे सगळं त्या एका तपकिरी वळूसाठी झालेल्या मोहिमेचं आख्यान आहे. मोरिगन रणांगणावर येते त्याच्या कितीतरी आधी ती गोठ्याशी, कुरणाशी, वळूशी निगडित आहे. स्थळकथांच्या, म्हणजे जागांची नावं कशी पडली ते सांगणाऱ्या कथांच्या, जुन्या संग्रहात ओड्रस नावाच्या स्त्रीचं जनावर तीच पळवते. ओड्रस पाठलाग करत क्रूआखनपर्यंत जाते, वाटेत झोपी जाते आणि मोरिगन मंत्र म्हणून तिचं पाणी करून टाकते.

‘तॉइन बो कूलिन्ये’मध्ये ती कू खुलिनला पुन्हा भेटते. आधी राजकन्येच्या रूपात येते, प्रेम देऊ करते, संपत्ती आणि गुरं देऊ करते. तो नाकारतो. मग तो नदीच्या उथळ पात्रात लढत असताना ती वाम माशाच्या रूपात त्याच्या पायांना वेढा घालते, लांडगी होऊन येते, बिनशिंगी तांबड्या कालवडीच्या रूपात येते. तिन्ही वेळा तो तिला जखमी करतो. यानंतरचा प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दमलेल्या, तहानलेल्या कू खुलिनला एक म्हातारी बाई गाय पिळताना दिसते. तो दूध मागतो. ती तीन सडांचं दूध तीनदा देते, तो तीनदा आशीर्वाद देतो आणि प्रत्येक आशीर्वादासरशी तिची एकेक जखम भरून येते. ही कोण होती हे त्याला नंतर कळतं. त्यानंच केलेल्या जखमा त्याच्याच तोंडच्या शब्दांनी बऱ्या होतात, आणि हे घडतं ते दुधाच्या घोटावर.

दुसरी मोठी कथा म्हणजे माग टुरेडची दुसरी लढाई, देवांनी आपल्या शत्रूंशी केलेली. तिचं जुनं रूप सोळाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितात टिकलं आहे आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. भाषा मात्र त्याहून कितीतरी जुनी. त्यात मोरिगन उन्शिन नदीत उभी असते. एक पाय दक्षिण तीरावर, दुसरा उत्तर तीरावर, केसांच्या नऊ बटा मोकळ्या. सॉविनच्या, म्हणजे ऑक्टोबर सरून नोव्हेंबर लागण्याच्या सुमाराला देवांपैकी दाग्दा नावाचा एक थोर देव तिथं येतो, दोघांचा समागम होतो, आणि ती त्याला शत्रू कुठं उतरणार हे सांगते. लढाई जिंकल्यावर विजयाची वार्ता ती आयर्लंडच्या उंच शिखरांना, मोठ्या नद्यांना आणि त्यांच्या मुखांना जाऊन सांगते. पृथ्वीपासून आकाशापर्यंत शांती, असं तिचं कवन आहे. त्याच्याच पाठोपाठ ती दुसरं भाकीत करते: फुलांशिवाय उन्हाळा, दुधाशिवाय गायी. शांती आणि उजाड काळ, दोन्ही तिच्याच तोंडून.

अशी ही देवी. युद्ध तिच्यात आहेच, ते कुणी नाकारू नये. पण नदी आहे, गुरं आहेत, भविष्यवाणी आहे, भूमीवरचा अधिकार आहे.

हल्ली तिच्याविषयी बरंच काही पसरवलं जातं त्यातलं थोडं इथंच बाजूला ठेवते. कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन वयांची ती त्रिमूर्ती असल्याचं ठासून सांगितलं जातं. ही कल्पना विसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीनं लोकप्रिय केली. आयरिश ग्रंथांत त्रयी आहे, पण ती एर्नमासच्या तीन मुलींची: बाव, माखा आणि मोरिगन. त्या बहिणी आहेत, एकीच्या आयुष्याचे तीन टप्पे नाहीत. आर्थर राजाच्या कथांतली मॉर्गन म्हणजे हीच, असंही म्हणतात. नावं सारखी ऐकू येतात एवढंच. भाषाशास्त्रात त्याला आधार नाही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना मी एकच कसोटी सुचवेन. शिकवणारी व्यक्ती प्रत्येक विधानासोबत कथेचं आणि हस्तलिखिताचं नाव सांगते का, ते पाहा. सांगत नसेल तर तो अभ्यासक्रम सोडून द्या, चित्रं कितीही सुंदर असोत. मूळ ग्रंथ पडताळून पाहणं आज अवघड नाही. कॉर्कच्या विद्यापीठानं ‘सेल्ट’ नावाच्या संग्रहात जुने आयरिश ग्रंथ आणि त्यांतल्या अनेकांची इंग्रजी भाषांतरं मोफत वाचायला ठेवली आहेत. ‘तॉइन बो कूलिन्ये’च्या वेगवेगळ्या आवृत्त्या तिथं शेजारी ठेवून वाचता येतात.

जागाही नकाशावर शोधाव्यात. क्रूआखन आज रॅथक्रोगन म्हणून ओळखलं जातं. रॉसकॉमन परगण्यातल्या टल्स्क गावाजवळ ते आहे. तिथं ओवेनागाट नावाची चुनखडकातली नैसर्गिक गुहा आहे, तिच्या तोंडाशी माणसांनी बांधलेला भुयारी भाग आहे आणि तिथल्या एका दगडावर ओगम लिपीत ‘मेवच्या मुलाचं, फ्राएखचं’ असा मजकूर आहे; मेव म्हणजे कथांतली कॉनॉटची राणी. मोरिगनचं घर म्हणून कथा ज्या गुहेकडे बोट दाखवतात ती हीच. आयर्लंडमध्ये हा वारसा गाडलेला नाही. डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावाचं स्मारक म्हणून मरणाऱ्या कू खुलिनचा ब्राँझचा पुतळा उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर एक पक्षी बसला आहे. तो कोण, हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही. परक्यांनी ही देवी शिकताना या जिवंत समाजाचं, त्याच्या आयरिश भाषेचं भान ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. निदान नावांचे उच्चार तरी आयरिश माणसाच्या तोंडून ऐकून घ्यावेत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी क्रम सांगते. आधी ‘तॉइन बो रेगम्ना’, ती एका बैठकीत होते. मग ओड्रसची स्थळकथा. मग माग टुरेडची दुसरी लढाई, आणि शेवटी, पुरेसा वेळ हाताशी असेल तेव्हा, ‘तॉइन बो कूलिन्ये’. व्याख्यानं त्यानंतर ऐका. कथा आधी वाचली असली, की व्याख्यात्याचं कुठं पटतं आणि कुठं पटत नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

नमस्कार.