प्रयागची सेवा समिती आणि स्काऊट चळवळीचे भारतीय वळण

मित्रहो,

स्काऊट चळवळीचा इतिहास सांगायला घेतला की वक्ते १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर भरलेल्या वीसेक मुलांच्या शिबिरापासून सुरुवात करतात आणि तेथून थेट ७ नोव्हेंबर १९५० या भारत स्काऊट्स आणि गाईड्स संस्थेच्या स्थापनादिनावर येऊन पोहोचतात. मधली चार दशके दोन-तीन वाक्यांत आटोपली जातात. या दशकांत संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, एक प्रादेशिक संघटना स्वतःच्या बळावर उभी राहिली, लंडनच्या मुख्यालयाशी तिने दीर्घकाळ फटकून वागणे पत्करले, आणि पुढे राष्ट्रीय संघटनेला दिशा देणारी माणसेही तिनेच दिली. त्या सेवा समिती बॉय स्काऊट असोसिएशनविषयी मी आज बोलणार आहे.

या प्रांताचा चळवळीच्या संस्थापकाशी जुना संबंध होता. १८७६ मध्ये तरुण बेडन-पॉवेल लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले ते लखनौच्या छावणीत, आणि १८९७ नंतर मेरठला घोडदळाची तुकडी हाताखाली असताना त्यांनी शिपायांना टेहळणीचे, माग काढण्याचे आणि स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्याचे शिक्षण दिले. मुलांच्या चळवळीचे बीज या लष्करी शिक्षणात होते. पण १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगळूरला पहिले पथक काढले आणि त्यामागोमाग खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास येथे पथके निघाली, तेव्हा त्यांत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. आपल्या खडकीत आणि लोणावळ्यात इतक्या लवकर पथके निघाली, याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवलेले बरे.

हिंदी मुलांना दार बंद का होते, हे समजायला त्या काळाची हवा ध्यानात घ्यावी लागते. वंगभंगानंतर गुप्त मंडळ्यांचे पेव फुटले होते. १९०९ च्याच डिसेंबरात नाशिकला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. नकाशा वाचणे, खुणांनी निरोप पोहोचवणे, माग न ठेवता चालणे या विद्या हिंदी पोरांच्या हाती द्यायच्या की नाही, असा प्रश्न सरकारी डोक्यांना पडला असल्यास त्यात नवल नाही.

बंद दाराशी ताटकळत बसण्याऐवजी ठिकठिकाणच्या लोकांनी आपली वेगळी घरे बांधली. शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये हिंदी मुलांचे स्वतंत्र पथक काढले. मद्रासेत १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी इंडियन बॉय स्काऊट असोसिएशन स्थापन केली. बेझंटबाईंचे नाव मोठे, त्यामुळे त्यांच्या संस्थेचा बोलबाला अधिक झाला. बाजपेयी मात्र संघटनेच्या बारीकसारीक कामात मुरलेले गृहस्थ होते आणि चळवळ टिकते ती अशा माणसांच्या जिवावर, असे माझे मत आहे. मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांची त्यांना साथ मिळाली आणि १९१७-१८ च्या सुमारास अलाहाबाद हे मुख्य ठाणे करून सेवा समितीची स्काऊट संघटना आकाराला आली.

येथे कुंझरूंविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण या धाग्याचे दुसरे टोक पुण्यात आहे. आग्र्याकडचे हे काश्मिरी पंडित १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. हा समाज गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केला होता. पोटापुरत्या मानधनावर आयुष्य सार्वजनिक कामाला वाहून घेणारे, अभ्यास करून मगच बोलणारे कार्यकर्ते त्यांना घडवायचे होते. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत गेले आणि पुढच्या दोनच महिन्यांत हरिद्वारच्या कुंभमेळ्यात समाजाने स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. पथकाचे प्रमुख होते कुंझरू आणि वैद्यकीय जबाबदारी होती डॉ. देव यांच्याकडे. गांधीजी आपल्या दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाच्या मंडळींसह तेथे होते आणि त्यांनी त्या दिवसांची हकिगत लिहून ठेवली आहे. डॉ. देवांनी शौचासाठी खड्डे खणवून घेतले होते, पण त्यांची निगा राखायला पगारी भंग्यांवर अवलंबून राहावे लागत होते. फिनिक्सच्या मंडळींनी मैला मातीने झाकण्याचे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे काम मागून घेतले. मागणी गांधीजींनी केली, पण ती पार पाडली मगनलाल गांधींनी, कारण स्वतः गांधीजींचा बहुतेक वेळ तंबूत बसून दर्शनाला येणाऱ्यांशी बोलण्यात जात होता. गांधीजींनी हे मोकळेपणाने कबूल केले आहे.

हरिद्वारच्या या खड्ड्यांची हकिगत मी मुद्दाम सांगितली. बेडन-पॉवेल यांची चळवळ बोअर युद्धात वेढा पडलेल्या दक्षिण आफ्रिकेतील मेफकिंग गावाच्या आठवणीतून आणि रानातल्या तळावरून आली होती. प्रयागची चळवळ मेळ्याच्या गर्दीतून आली. १९१८ मध्ये प्रयागला कुंभ भरला, आणि कुंभ नसला तरी दर वर्षी माघमेळा असतोच. संगमाच्या वाळूत लाखोंचा जमाव, त्यात हात सुटलेली पोरे, गावाचे नावही नीट सांगता न येणाऱ्या म्हाताऱ्या, घाटावर पाय घसरणारे यात्रेकरू आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, टांगती तलवार असे ते चित्र असे. अशा ठिकाणी स्काऊटच्या पुस्तकातली प्रत्येक गोष्ट उपयोगाला येते. दोन लाठ्या आणि गुंड्या लावलेले दोन सदरे यांची घटकाभरात डोली होते. गळ्यातला रुमाल तिरका दुमडला की मोडलेला हात अडकवायची झोळी होते. बोलाइन ही गाठ कितीही ओढली तरी आवळत नाही, म्हणून बुडणाऱ्याच्या काखेखालून दोर टाकून त्याला वर घेता येते. शाळेच्या मैदानावर ज्या गाठी परीक्षेपुरत्या बांधून सोडल्या जातात, त्यांना येथे खरा अर्थ होता. मुलांना गणवेश शिस्त लावतो असे आपण म्हणतो. मेळ्यात त्याचे काम वेगळेच होते. गर्दीत हरवलेल्या माणसाला मदत कोणाकडे मागायची, हे त्या गणवेशावरून लांबूनच कळत होते.

१९२१ च्या सुरुवातीस बेडन-पॉवेल सपत्नीक हिंदुस्थानात आले. विखुरलेल्या संस्था एका छत्राखाली आणण्याच्या वाटाघाटी झाल्या आणि बहुतेक संस्था, बेझंटबाईंची धरून, नव्या अखिल भारतीय संघटनेत विलीन झाल्या. हिंदी मुलांना अखेर प्रवेश मिळाला, ही लहान गोष्ट नव्हती. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. व्हाइसरॉय हेच चीफ स्काऊट आणि सूत्रे लंडनला, ही रचना मालवीय-कुंझरूंना मानवणारी नव्हती. हे दोघे काही जहाल नव्हते. कुंझरू तर आयुष्यभर नेमस्तच राहिले. सनदशीर मार्ग सोडायचा नाही आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाचा लगाम दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हे दोन्ही त्यांनी एकाच वेळी सांभाळले. गोखल्यांच्या तालमीत तयार झालेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षित असणार?

दुसऱ्या बाजूलाही कामाची माणसे होती, हे न सांगणे अन्यायाचे होईल. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मध्य प्रांतात लंडनशी जोडलेल्या मूळ संघटनेचे काम वर्षानुवर्षे निष्ठेने केले. दोन्ही संघटनांतील मुले तशाच गाठी बांधत होती आणि शेकोटीभोवती तशीच गाणी म्हणत होती. भांडण मोठ्यांच्या पातळीवरचे होते.

ते विकोपाला गेले १९३७ मध्ये. फेब्रुवारीत दिल्लीला पहिला अखिल भारतीय मेळावा भरला आणि वृद्ध बेडन-पॉवेल त्यासाठी आले. त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले उद्गार इंग्लंडात प्रसिद्ध झाले आणि येथे संतापाची लाट उसळली. मूळ संघटनेतील अनेकांनी तिला रामराम ठोकला. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली आणि सेवा समिती तिचा कणा बनली. सोळा-सतरा वर्षे हटवादी म्हणून ज्यांना नावे ठेवली गेली, त्यांच्याच घरात आता इतरांना आसरा मिळाला.

स्वातंत्र्यानंतर दोन संघटना चालवण्याला काही अर्थ उरला नव्हता. तरीही दिलजमाईला तीन वर्षे लागली. पंतप्रधान नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मध्य प्रांत-वऱ्हाडचे राज्यपाल मंगलदास पक्वासा, कुंझरू, बाजपेयी आणि न्यायमूर्ती बोस यांनी त्यासाठी खटपट केली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटना तिला येऊन मिळाली. पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले हृदयनाथ कुंझरू. १९३६ पासून ते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते आणि १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिले.

नव्या संस्थेच्या प्रतिज्ञेत राजाला जागा राहिली नाही. ईश्वर आणि देश यांविषयीचे कर्तव्य राहिले, आणि ज्याला हवे असेल त्याने ईश्वराऐवजी धर्म म्हणावे, अशी मुभाही ठेवण्यात आली.