बॉडनंट : वरची बाग, खालचं रान

(दृश्य : गाडीतळ. बारीक पाऊस. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज घातलेली आई छत्री उघडतेय.)

मे महिना संपत आलाय आणि सकाळी अकरा वाजता अंगात स्वेटर आहे. हे उत्तर वेल्स. ही माझी आई. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी मँचेस्टरला आलीय आणि आत्तापर्यंत तिने सगळ्यात जास्त वेळ आमच्या वॉशिंग मशीनसमोर काढलाय. म्हणून आज बाहेर. कॉन्वी नदीच्या खोऱ्यात, डोंगरउतारावर ऐंशी एकरांची एक बाग आहे. बॉडनंट. वेल्श भाषेत 'बॉड' म्हणजे घर, 'नंट' म्हणजे ओढा. ओढ्याकाठचं घर.

ते घर आहेच. राखाडी, भारदस्त, हिरवळीच्या टोकाला. पण तिकडे जायचं नाही, ते अजून खासगी आहे. बाग तेवढी 1949 साली नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेला, दिली गेली, आणि ती आपल्यासाठी खुली आहे.

(दृश्य : लॅबर्नमची कमान. कॅमेरा आत शिरतो. दोन्ही बाजूंनी आणि वरून पिवळे घोस.)

आई आत पाऊल टाकते आणि थांबते.

"अगं बाई, हा तर बहावाच की!"

नाही, बहावा नाही. पण चूक आईची नाही. इंग्रज आपल्याकडे आले, त्यांनी बहावा पाहिला आणि त्याचं नाव ठेवलं इंडियन लॅबर्नम. त्यांना आपल्या बहाव्यात त्यांचं झाड दिसलं. आज आईला त्यांच्या झाडात आपलं दिसलं. फिटंफाट.

दोघंही शेंगांच्या कुळातले, पण स्वभाव वेगळे. बहाव्याच्या शेंगेतला गर आपल्याकडे पोट साफ व्हायला देतात. लॅबर्नमची शेंग मात्र तोंडात घालायची नाही. सायटिसिन नावाचं विष असतं, सगळ्या झाडात, बियांत विशेष. हे ऐकल्यावर आईने हात पदरात घेतले.

55 मीटर लांब आहे ही कमान. 1880 च्या सुमाराची. फुलण्याचे दिवस जेमतेम तीन आठवडे, आणि त्यासाठी दर हिवाळ्यात माळी शिडी लावून जुन्या फांद्या छाटतात, कोवळ्या वाकवून सांगाड्याला बांधतात. जवळून बघा. (दृश्य : सुतळीची गाठ, अगदी जवळून.) फुलांच्या मागे ही गाठ आहे. अशा किती असतील, मी मोजायला गेलो आणि दहा पावलांत नाद सोडला.

"हे झाड तरी इथलं आहे का?" आई विचारते.

नाही. युरोपातलं, दक्षिणेकडच्या डोंगरांतलं. तिचा हा प्रश्न लक्षात ठेवा. दिवसभर तो तिने सोडला नाही.

(दृश्य : घराचा दर्शनी भाग, मग हिरवळ.)

1874 साली ही इस्टेट विकत घेतली हेन्री पोचिन या माणसाने. जहागीरदार वगैरे नव्हे. रसायनांचा कारखानदार, आमच्या मँचेस्टरला लागून असलेल्या सॉलफर्डचा एकेकाळचा महापौर. त्या काळी साबणात राळ घालत आणि साबण तपकिरी व्हायचा. पोचिनने राळ शुद्ध करण्याची रीत काढली आणि साबण पांढरा झाला. मग चिनी मातीपासून कागद गिरण्यांना लागणारी तुरटीसारखी एक वडी बनवली, तिच्यातही पैसा केला. म्हणजे या फुलांच्या मुळाशी साबण आणि तुरटी आहे. आईला हा भाग फार आवडला. कष्टाचा पैसा म्हणे.

(दृश्य : वरच्या टप्प्यावरून खाली. पायऱ्या, कठडे, पलीकडे डोंगर.)

आता वरची बाग. उतार कापून केलेले पाच टप्पे, इटालियन धाटणीचे. कोकणात डोंगर कापून भातासाठी बांध घालतात, हिशेब तोच, फक्त इथे गुलाब आणि पाणी. हे काम पोचिनच्या नातवाने, हेन्री मॅक्लारेनने, 1905 ते 1914 या काळात करून घेतलं. त्याची आई लॉरा, म्हणजे पोचिनची मुलगी. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडणारी बाई, आणि स्वतः झाडांची जाणकार. तिने मुलगा विशीत असतानाच बाग त्याच्या हाती सोपवली. माझ्या हाती विशीत आईने गॅसचं पुस्तकसुद्धा दिलं नव्हतं.

पहिल्या टप्प्यावरून समोर एरारीचे डोंगर दिसतात, म्हणजे नकाशात ज्यांना आपण स्नोडोनिया म्हणायचो ते. आज ढगात आहेत. पुढचा टप्पा क्रोकेचा, म्हणजे हिरवळीवर मोगरीने चेंडू मारायच्या खेळाचा. हिरवळ आहे, बाक आहे, चला.

तिसऱ्यावर मात्र बसू. कमळांचं तळं, आणि दोन्ही बाजूंना एकेक अजस्र झाड. एक लेबनॉनचा सीडर, दुसरा मोरोक्को-अल्जीरियाकडच्या ॲटलास पर्वतातला, निळसर. आपल्या देवदाराचे सख्खे भाऊ. हे दोघं टप्प्यांच्या आधीपासून उभे होते, पोचिनच्या काळापासून. नातवाने त्यांना हात लावला नाही. त्यांना मध्ये धरून टप्पा बेतला. सगळी आखणी इतकी दोरीत, पण दोरी धरली झाडांनी. वरच्या बागेतली ही एक गोष्ट मला मनापासून पटली.

(दृश्य : शेवटचा टप्पा. लांब, सरळ पाणी. टोकाला पांढरी दुमजली इमारत, तिचं प्रतिबिंब.)

आणि हा सगळ्यात खालचा टप्पा. बॉडनंटचा फोटो तुम्ही कुठे पाहिला असेल तर तो हाच. एका टोकाला यू नावाच्या सदाहरित झाडांची कुंपणं, आपल्याकडे मेंदी कातरतात तशी कातरून त्यांचा चक्क रंगमंच केलाय. दुसऱ्या टोकाला ही इमारत, पिन मिल. आई म्हणाली, "ही तरी इथली?"

नाही! इमारतसुद्धा नाही. ही 1730 च्या आसपास ग्लॉस्टरशरमध्ये बांधली गेली, बागेतलं विश्रांतीघर म्हणून. पुढे तिथे टाचण्या बनू लागल्या, त्यावरून पिन मिल. नंतर कातडी कमावणाऱ्यांच्या ताब्यात गेली आणि मोडकळीला आली. 1938 मध्ये हेन्री मॅक्लारेनने ती विकत घेतली, उतरवून वेल्समध्ये आणली आणि या पाण्याच्या टोकाला पुन्हा उभी केली. आता बघा, जन्मापासून इथेच असल्यासारखी उभी आहे.

(दृश्य : पायवाट खाली वळते. प्रकाश कमी होतो. पाण्याचा आवाज.)

इथून पुढे कठडे संपतात. दरी सुरू होते. इथे तिला डेल म्हणतात. वर सगळं दोरीत, आणि इथे एकदम रान. शेवाळं, नेचे, अंधार. तळाशी हिरायथ्लिन नावाची छोटी नदी, पुढे कॉन्वीला मिळणारी. बरेच लोक वर फोटो काढून परत फिरतात. आईचे गुडघे लक्षात घेता आम्हीही फिरणार होतो. पण पाण्याचा आवाज ऐकल्यावर ती ऐकेना.

(दृश्य : ओढ्याकाठी रोडोडेंड्रॉन, लाल, गुलाबी, फिकट पिवळे.)

हिमालयात ट्रेकला गेलेल्यांनी बुरांशचं सरबत प्यायलं असेल. ते याच रोडोडेंड्रॉनचं. 1848 मध्ये जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ दार्जिलिंगहून सिक्कीमच्या डोंगरांत शिरला आणि तिथल्या रोडोडेंड्रॉनच्या वार्तेने इंग्रज बागवाल्यांना वेड लावलं. पुढे हेन्री मॅक्लारेनसारख्यांनी पैसे घालून माणसं पाठवली. जॉर्ज फॉरेस्ट चीनच्या युन्नान प्रांतात फिरला आणि 1932 मध्ये तिथेच मेला. फ्रँक किंग्डन-वॉर्डने 1924 मध्ये तिबेटातून निळ्या फुलाच्या खसखशीचं बी आणलं. ही माणसं तिकडून बी पाठवायची आणि इथे पुडी उघडली जायची. इथले लोक नुसतं बी रुजवून थांबले नाहीत. एका जातीचा पराग दुसरीला लावून इथे कितीतरी नवे संकर तयार केले. त्यात मालकाइतकाच हात मुख्य माळ्याचा, फ्रेडरिक पडलचा. त्याच्यामागून मुलगा, त्याच्यामागून नातू. तीन पिढ्या मुख्य माळीपण एकाच घरात राहिलं.

(दृश्य : आईचा हात. एक मोठं पान उलटं करते.)

हे पान उलटं करून बघा. वरून चामड्यासारखं गुळगुळीत हिरवं, आणि खाली ही तपकिरी लव. शंकरपाळी तळून ठेवल्यावर येतो ना, तसा रंग. बोट फिरवलं तर मखमल. हिमालयात थंडी-वाऱ्यासाठी घातलेलं हे अस्तर त्याने वेल्समध्येही काढलेलं नाही. आईने स्वतःच्या स्वेटरची बाही आणि ते पान शेजारी शेजारी धरलं. काही बोलली नाही.

पलीकडे मॅग्नोलिया, आपल्या सोनचाफ्याचे भाऊबंद. त्यांची फुलं मार्चमध्येच होऊन गेली.

मला इथे एक सांगायचंय. वरचे टप्पे बघून आपण म्हणतो, काय कारागिरी! आणि खाली आल्यावर म्हणतो, किती नैसर्गिक! साफ चूक. सिक्कीमचं झुडूप, युन्नानचं झुडूप आणि कॅलिफोर्नियाचं झाड एका काठावर कुठलाही निसर्ग लावत नाही. वर आखणाऱ्याने निदान रेघ दाखवलीय. खाली तर रेघच पुसून टाकलीय. मला ही जास्त अवघड कला वाटते.

"मग इथलं आहे तरी काय?" आई.

"नदी."

"तेवढं तरी असू दे."

(दृश्य : कॅमेरा खोडावरून वर जात राहतो.)

पोचिनने या दरीत अमेरिकेतली सूचिपर्णी झाडं लावली. दरीत वारा कमी, ओल भरपूर. ती वाढतच गेली. वरच्या कड्यावर त्याने घराण्यासाठी समाधीघर बांधलं, तिथून ही झाडं दिसतात. त्याचं नाव पोएम. कविता नव्हे, 'चिरंतन स्मृतीचं स्थान' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं.

26 नोव्हेंबर 2021 च्या रात्री आर्वेन वादळ आलं. इकडचा वारा नेहमी नैऋत्येचा. झाडांची मुळं आयुष्यभर त्याच्याशीच झुंजून घट्ट झालेली. आर्वेन आलं उत्तरेकडून, ईशान्येकडून. पाठीत वार. एका रात्रीत पन्नासहून अधिक झाडं आडवी झाली, त्यात पन्नास मीटरहून उंच, शंभरी कधीच ओलांडलेला एक कोस्ट रेडवुड. आता त्या जागी आभाळ दिसतं आणि खाली नवी रोपं आहेत, माझ्या कमरेएवढी.

(दृश्य : आईचा तळहात. त्यावर एक छोटं तपकिरी फळ.)

आईला पायवाटेवर हे सापडलं. रेडवुडचं शंकूफळ. जगातलं सगळ्यात उंच वाढणारं झाड, आणि त्याचं फळ बोराएवढं.

"एवढंसं?" म्हणाली. पदराने पुसलं, पर्स उघडली, मग माझ्याकडे बघून बंद केली. जिथून उचललं होतं तिथेच, पानांखाली ठेवलं.

वर चढताना तीन ठिकाणी बसलो. चौथ्या ठिकाणी पाऊस थांबला आणि तिने स्वेटर काढून माझ्या हातात दिला.

(दृश्य : रिकामी पायवाट. फक्त पाण्याचा आवाज.)