शिंक येण्याआधी

(नागपुरात धरमपेठेतल्या एका महिला मंडळात एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळाने निमंत्रणात विषय ‘महिलांचे आरोग्य’ एवढाच टाकलाय. मी तो फोडूनच सांगते. खोकताना, शिंकताना, पोट धरून हसताना, पाण्याची बादली उचलताना किंवा स्कूटी गतिरोधकावर उडाली की लघवीचे थेंब सुटतात, त्याबद्दल आज बोलायचंय. घाबरू नका, हात वर करायला सांगणार नाही.

हा त्रास असलेल्या बायका काय करतात, ते मी रोज ऐकते. रामटेकला सगळे गडाच्या पायऱ्या चढायला निघाले की त्या खालीच थांबतात आणि कारण सांगतात गुडघ्याचं. लग्नाला गडद रंगाचीच साडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी तोडतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि या बाया बाहेर जायचं म्हणून सकाळपासून घोटभरच पाणी पितात! त्याने लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं, घाई उलट वाढते. संसर्ग आणि मुतखड्याला निमंत्रण ते वेगळंच.

आता आत नेमकं काय बिघडतं ते बघू. पुढे जांघेचं हाड, मागे माकडहाड, आणि दोन्हींच्या मधे स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली आहे. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय सगळं तिच्यावर टेकलेलं. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो. झोळी घट्ट असेल तर मूत्रमार्गाला खालून आधार मिळतो, तो दाबून बंद राहतो. ती सैल पडली असेल, तर दाब जिंकतो आणि थेंब सुटतात. सैल का पडते? गरोदरपण, बाळंतपण, पाळी गेल्यानंतरचे बदल, वाढलेलं वजन, जुना खोकला, वर्षानुवर्षांचं कुंथणं. सिझेरियन झालं म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. नऊ महिने ओझं त्याच झोळीने पेललेलं असतं.

या स्नायूंचा व्यायाम गाजवला अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने, 1948 च्या सुमारास. त्याने त्यासाठी एक उपकरणही केलं होतं. ते योनीमार्गात ठेवून स्नायू आवळले की दाब किती पडला, ते तबकडीवर दिसायचं. म्हणजे बाईला स्वतःला कळायचं, बरोबर जमतंय की नाही. पुढे केगेलचं नाव जगभर झालं आणि तपासून बघणं मात्र मागे राहिलं. माझं आजचं सगळं म्हणणं इथेच आहे. ‘व्यायाम केला, काही फरक नाही’ असं सांगणाऱ्या बायकांना मी करून दाखवायला सांगते, तेव्हा अनेकींचं पोट आत जातं, मांड्या जुळतात, श्वास कोंडतो, आणि जे वर उचलायचं ते खाली ढकललं जातं. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हेच दिसलं. नुसतं तोंडी सांगितल्यावर जेमतेम निम्म्या बायकांना नीट जमलं, आणि सुमारे पाव बायका अशा करत होत्या की गळती वाढायचीच शक्यता. काकू, युट्यूब बघून केलं म्हणता ना, तो व्हिडिओ तुम्हाला बघू शकत नाही!

मग करायचं कसं? आधी आडवं पडून, गुडघे वाकवून. चार लोकांत बसलोय आणि वारा सरू नये म्हणून जसं आवरतो, तसं मागचं द्वार आवळा. मग तोच आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत, वर ओढा. श्वास चालू, पोट, मांड्या आणि ढुंगण सैल. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता आलं तरी पुष्कळ. पुढे दहापर्यंत न्या. सोडताना पूर्ण सोडा, तेवढाच वेळ विश्रांती. त्याशिवाय काही आवळ झटपट, धरले की सोडले, कारण शिंक काही सांगून येत नाही. एका वेळी निदान 8 आवळ, दिवसातून 3 वेळा, आणि हे निदान 3 महिने. पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. चालू लघवी मधेच थांबवून रोज सराव करणं मात्र नको, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

रामनगरच्या ताईंनी मघाशी विचारलं, योगातला मूळबंध म्हणजे हेच का? जवळचंच आहे. फक्त योगवर्गात चाळीसजणी बसलेल्या असताना तुमचा बंध बरोबर लागला की नाही, हे शिक्षकाला दिसत नाही. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा या कामातल्या फिजिओथेरपिस्टकडे तपासून घ्या.

आणि एक युक्ती आजपासूनच. शिंक, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. जड उचलतानाही तेच.

याने खरंच बरं वाटतं का? जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात, असा त्रास असलेल्या आणि व्यायाम करणाऱ्या बायकांपैकी 56 टक्क्यांनी बरं झाल्याचं सांगितलं. उपचार न घेणाऱ्यांत हाच आकडा 6 टक्के होता. वजन जास्त असेल तर तेही थोडं उतरवा, गळती कमी होते. व्यायामाने भागलं नाही तर योनीत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे.

मात्र अचानक जोराची घाई होऊन संडासापर्यंत पोचायच्या आत लघवी होत असेल, तर तो प्रकार वेगळा. तिथे लघवीची वेळ हळूहळू लांबवायचं शिकवतात, चहा-कॉफी कमी करतात, कधी औषध देतात. काहींना दोन्ही त्रास एकत्र असतात. लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, बाळंतपणानंतर सतत गळत राहणं, यातलं काही असेल तर व्यायामाच्या भरवशावर राहू नका, आधी डॉक्टर.

मागून आजी विचारताहेत, सत्तरीत काय उपयोग? आजी, स्नायूला वय नसतं असं मी म्हणणार नाही, वेळ थोडा जास्त लागेल. पण या वयातही फरक पडतो. जाताना थांबा, त्या आतल्या खोलीत पाच मिनिटं बसू आपण.