क्वार्टरबॅकच्या पुढचे पाच जण

नमस्कार, श्रोतेहो. ज्यांची मुलं किंवा भावंडं अमेरिकेत आहेत, त्यांना हा अनुभव नक्की असेल. सप्टेंबर लागला की तिकडच्या फोनचा सूर बदलतो. एरवी तब्येत, थंडी, डाळीचे भाव असं बोलणारा माणूस एकदम म्हणतो, "अरे, आमची लाइन कोसळली." आपल्याला वाटतं, फोन कट होतोय. फोन ठीक असतो. माणूस अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलत असतो.

माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऐंशीच्या दशकात गेला आणि न्यूयॉर्क जेट्स नावाच्या संघाच्या नादी लागला तो आजतागायत. नाव न्यूयॉर्कचं, पण संघ खेळतो न्यू जर्सीत, ईस्ट रुदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर. दादा मूळचा ठाण्याचा. परगावात "मुंबईचा" म्हणून सांगायची सवय होतीच, त्यामुळे त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

खेळाचे सगळे नियम सांगत बसलो तर आपली वेळ संपेल. इतकंच ध्यानात घ्या. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. हातात धरून पळा, नाहीतर पुढे फेका. फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि या फेकाफेकीला म्हणतात पासिंग. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच अगडबंब माणसं उभी असतात, हीच ती "लाइन". ती सहसा चेंडूला हातही लावत नाहीत. समोरून अंगावर येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरायचं, एवढंच त्यांचं काम. हे पाच जण लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे पाच जण लक्षात ठेवा.

जेट्सच्या घरात दोन पक्ष असतात. एक पासिंगवाल्यांचा, दुसरा पळणाऱ्यांचा. आमच्याकडे पुतण्या पासिंगवाला. त्याचं म्हणणं, आजच्या काळात फेकल्याशिवाय जिंकता येत नाही. दादा म्हणतो, चेंडू छातीशी धरा, पळा, आणि बचाव घट्ट ठेवा. आणि गंमत अशी की पुरावा म्हणून दोघंही एकाच माणसाचं नाव घेतात, जो नेमथ.

नेमथ हा जेट्सचा क्वार्टरबॅक. १९६७ मध्ये त्याने एका हंगामात ४००७ यार्ड पासिंग केलं. चार हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच. तेव्हा हंगामात सामने असायचे १४. आता असतात १७, तरी २०२४ च्या हंगामापर्यंत जेट्सचा दुसरा एकही क्वार्टरबॅक चार हजारांवर पोहोचलेला नाही. पुतण्या हा आकडा जपमाळेसारखा ओढतो. मग दादा शांतपणे विचारतो, "आणि सुपर बोल?" सुपर बोल म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. १२ जानेवारी १९६९. बाल्टिमोर कोल्ट्सला कुणी हरवेल असं वाटत नव्हतं. नेमथने आधीच जाहीर सांगून टाकलं होतं की आम्ही जिंकणार, खात्री देतो. जिंकले, १६–७. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं. पण त्या सामन्यात नेमथच्या पासवर एकही टचडाउन नाही! शेवटच्या पाव डावात तर त्याने एकही पास फेकला नाही. जेट्सचं एकमेव टचडाउन मॅट स्नेलने पळून केलं. जेट्सने जिंकलेली आजवरची ती एकच सुपर बोल. आता बोला. हा वाद सुटणार कसा?

न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन नावाचं रेडिओ केंद्र आहे. १९८७ पासून चोवीस तास फक्त खेळ. लोक फोन करतात, भांडतात, पुढचा फोन. दादा गाडीत तेच लावतो. आपल्याकडे एखादं केंद्र नुसतं कबड्डी आणि कुस्तीवर चोवीस तास का चालू नये, हे मला कळत नाही. क्रिकेट नको, क्रिकेटला पुष्कळ झालंय. असो.

आता मी तुम्हाला एका रात्रीची गोष्ट सांगतो. खरं सांगायचं तर आजचं भाषण मी त्या रात्रीसाठीच मागून घेतलं.

११ सप्टेंबर २०२३, सोमवार. मी दादाकडे होतो. गणपती आठवड्यावर आले होते, १९ तारखेची चतुर्थी. घराच्या तळघरात मखराचं काम चाललेलं. थर्माकोल नाही बरं का. आपल्याकडे २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, ते फार उत्तम झालं असं माझं ठाम मत आहे. घोटीव कागदाच्या चुण्या आणि पुठ्ठा यांच्यासारखं देखणं मखर नाही. वहिनी कागदाला चुण्या घालत होत्या, मी पुठ्ठा कापत होतो, आणि समोर भिंतीएवढा टीव्ही. सव्वाआठला सामना. जेट्सविरुद्ध बफेलो बिल्स.

घरात लग्नघरासारखी गडबड, कारण त्या रात्री जेट्सकडून पहिल्यांदा उतरणार होता आरन रॉजर्स. ग्रीन बे पॅकर्सकडे सुपर बोल जिंकलेला, सर्वोत्तम खेळाडूचा किताब चारदा मिळवलेला. वय ३९. जेट्स २०१० च्या हंगामानंतर बाद फेरीत गेलेले नव्हते. पुतण्याने रॉजर्सचा आठ नंबरचा नवाकोरा हिरवा जर्सी घातलेला. अकरा सप्टेंबर म्हणजे तिकडे काय तारीख आहे हे तुम्हाला सांगायला नको. रॉजर्स हातात अमेरिकेचा मोठा झेंडा घेऊन पळत मैदानात आला आणि स्टेडियममध्ये कान फाटतील असा आवाज झाला. पुतण्या उभाच होता. वहिनी म्हणाल्या, "बस रे, चुण्यांवर पाय पडेल."

पहिला चेंडू. दुसरा. तिसरा. मी मान खाली घालून पुठ्ठ्यावर रेघ मारत होतो. चौथ्या चेंडूला रॉजर्स मागे सरकला. त्याच्या डाव्या बाजूला राखण करत होता ड्वेन ब्राउन, वय ३८. ब्राउनने समोरच्याच्या पायात शिरायचा प्रयत्न केला. समोरचा, बिल्सचा लेनर्ड फ्लॉइड, त्याच्यावरून निसटला आणि रॉजर्सला धरून खाली ओढला. अशा आपट्या या खेळात प्रत्येक सामन्यात होतात. रॉजर्स उठला. पुतण्या म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे." मग रॉजर्सने इकडेतिकडे पाहिलं आणि तो पुन्हा खाली बसला. स्वतःहून, हळूच, अंगणात बसावं तसा.

तळघरात सगळे गप्प. टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, घोटा मुरगळला असावा. पुतण्या म्हणाला, "घोटाच आहे. दोन आठवडे." दादा म्हणाला, "चार." मग टीव्हीवाल्यांनी तेच दृश्य सावकाश दाखवलं. डावा पाय, जवळून.

श्रोतेहो, आमच्या वहिनी तीस-एक वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोटरी बघितलीत? कशी थरथरली. टाचेमागची शीर गेली. अकिलीस. हा आता या वर्षी दिसत नाही." आणि माझ्याकडे वळून, "भावोजी, ती कात्री द्या."

पुतण्या भडकला. "आई, तू टीव्हीवर बघून सांगतेस? तिथे डॉक्टर आहेत!" वहिनी काही बोलल्या नाहीत. दादा मात्र एकच शब्द बोलला. "नव्याण्णव."

१९९९. तोच मोसमाचा पहिला सामना, तेच शहर, आताच्या मैदानाला लागूनच असलेलं जुनं जायंट्स स्टेडियम. आदल्या वर्षी जेट्स सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे अडलेले, त्यामुळे आशा उंच. क्वार्टरबॅक व्हिनी टेस्टाव्हर्डी, आणि त्याची अकिलीस तुटली. तीसुद्धा डावीच. त्या दिवशी त्याच्या जागी कोण फेकायला उभा राहिला असेल? टॉम टुपा. म्हणजे संघाचा पंटर, चेंडूला लाथ मारणारा माणूस! त्याने दोन टचडाउन पास दिले आणि तरी न्यू इंग्लंडकडून ३०–२८ ने हार. दादा हे सांगताना अजूनही हात चोळतो.

मग सुरू झालं भांडण. समोर सामना चालूच आहे, झॅक विल्सन नावाचा तरुण रॉजर्सच्या जागी आलाय, तिकडे कुणाचं लक्ष नाही. पुतण्या म्हणे, चूक ब्राउनची, अडतिसाव्या वर्षी त्याला तिथे उभा करणाऱ्याची. दादा म्हणे, चूक फेकण्याच्या हव्यासाची, चौथ्याच चेंडूला कशाला फेकायचं? दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू मी सरपंच. मी पुठ्ठा कापत राहिलो.

तेव्हा वहिनी बोलल्या. दहीहंडी होऊन चारच दिवस झाले होते आणि दादाला ठाण्याहून व्हिडिओ आले होते. वहिनी म्हणाल्या, "परवा थर कोसळलेला बघितलात ना? वरचा पोर पडला म्हणून सगळे हळहळले. खालच्या थरात कुणाचा गुडघा वळला ते कुणी बघितलं? तुमचं हे पासिंग-पासिंग तसंच आहे. वरच्याचं वय, वरच्याचा हात, वरच्याचा पगार. खालचे पाच कोण आहेत, त्यांची नावं तरी येतात का तुम्हाला?"

पुतण्याने नावं सांगायला सुरुवात केली. तीन आली. दादाला दोन.

आणि सामना? जेट्सने जिंकला! बफेलोच्या क्वार्टरबॅकने, जॉश ॲलनने, तीन पास जेट्सच्या जॉर्डन व्हाइटहेडच्या हातात दिले. तिन्ही एकाच माणसाच्या. ब्रीस हॉलने फक्त दहा वेळा चेंडू घेऊन १२७ यार्ड पळून काढले. बरोबरी झाली, जादा वेळ लागला. आणि मग झेवियर गिप्सन, ज्याला कुठल्याच संघाने निवडप्रक्रियेत उचललं नव्हतं असा नवखा पोरगा, लाथेने आलेला चेंडू झेलून ६५ यार्ड पळत सुटला. २२–१६. दादा उडाला आणि डिंकाची बाटली चुण्यांवर आडवी. "बघ! पळून जिंकलो, पळून!" पुतण्या नुसता हसला. नव्या जर्सीची बाही ओढत बसला होता. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. अकिलीसच.

तर मुद्दा हा, श्रोतेहो, आणि मी तो पुन्हा सांगतो. पासिंगचा वाद आणि दुखापतींचा वाद हे दोन वाद नाहीत. एकच आहे. पासिंग म्हणजे फेकणाऱ्याचा हात असं आपण धरून चालतो. पण हाताला वेळ देतात ते पुढचे पाच जण, आणि त्यातला एक लंगडायला लागला की सगळं गणित हुकतं. एलाइजा व्हेरा-टकर हे नाव ऐका. जेट्सचा त्या पाचांतला गुणी खेळाडू. ऑक्टोबर २०२२, डेन्व्हर. दंडाचा स्नायू फाटला, हंगाम संपला. त्याच सामन्यात ब्रीस हॉलचा गुडघाही गेला. वर्षभराने पुन्हा ऑक्टोबर, पुन्हा डेन्व्हर. आता व्हेरा-टकरची अकिलीस. रॉजर्ससाठी झाली त्याच्या शंभरातली एक तरी बातमी त्याच्यासाठी झाली का? विल्सनला मात्र सगळ्यांनी झोडपला. २०२३ चा हंगाम संपला, सात विजय, दहा पराभव.

मैदानाचा मुद्दाही असतो. मेटलाइफवर कृत्रिम गवत आहे, आणि खेळाडूंची संघटना खऱ्या गवताची मागणी कधीपासून करते आहे. रॉजर्सचा पाय मैदानामुळेच गेला असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण २०२६ च्या सॉकर विश्वचषकासाठी फिफाने खऱ्या गवताची अट घातली, तर त्याच मैदानावर ते अंथरायची तयारी झाली. पाहुण्यांसाठी चांदीची ताटं आणि घरच्यांना स्टील, हे अमेरिकेतही चालतं तर.

रॉजर्स परतला. २०२४ मध्ये सगळेच्या सगळे १७ सामने खेळला, चाळिशीत. "तो धडधाकट असता तर" असं वर्षभर म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. पाच विजय, बारा पराभव. हंगामाच्या मध्यातच प्रशिक्षक रॉबर्ट साले यांची गच्छंती झाली. मग जेट्सने रॉजर्सला सोडलं आणि तो पिट्सबर्गकडे गेला. २०२५ चा पहिलाच सामना लागला तो जेट्स विरुद्ध पिट्सबर्ग, आणि तोही मेटलाइफवर. रॉजर्सने चार टचडाउन पास दिले. ३४–३२, पिट्सबर्ग जिंकलं.

भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी दादाचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "बत्तीस केले आम्ही. बत्तीस! आमच्या पासिंगला नावं ठेवू नका." मागून पुतण्याचा आवाज, "बाबा, त्यातले दोन टचडाउन क्वार्टरबॅकने पळून केलेत. तुमचाच मुद्दा आहे तो!" दादा क्षणभर अडला, मग म्हणाला, "मग तर झालंच ना." आणि फोन माझ्याकडे तसाच चालू ठेवून दोघं एकमेकांशी भांडायला लागले.

नमस्कार.