मुरूमाच्या वाटा : टिटवाळा ते बदलापूर

(दृश्य : पहाट, टिटवाळा स्थानक. लगेजच्या डब्यातून सायकली उतरतात.)

कसाऱ्याकडे निघालेली पहाटेची लोकल. लगेजच्या डब्यात शहरातून परतणाऱ्या रिकाम्या किटल्या, रिकामे क्रेट आणि त्यांच्या मधोमध दोरीने बांधलेल्या सायकली. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर बघा. डांबरी रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचा टायर 25 ते 28 मिलिमीटर रुंद असतो. हा 40 च्या आसपास आहे, वर बारीक दाणेदार नक्षी. हिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ठाण्याची, डोंबिवलीची, ऐरोलीची मंडळी ती घेऊन इथे येतात, कारण इथून पुढे चांगला रस्ता संपतो. त्यांना तेच हवं असतं.

(दृश्य : चाकाचा क्लोज-अप. व्हॉल्व्हमधून हवा सोडली जाते.)

स्टेशनबाहेर चहा होतो आणि पहिलं काम सुरू होतं, ते म्हणजे हवा कमी करण्याचं. डांबरावर रेसिंग सायकलच्या अरुंद टायरात 80-90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवणारी माणसं इथे 35 पर्यंत आणतात. मीटर नसला तर अंगठा. दाबल्यावर टायर जरासा आत गेला की झालं. टणक टायर खडीवर उडतो आणि प्रत्येक उडीत पायातला जोर वाया जातो. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. आत ट्यूब नसते, पातळ पांढरं सीलंट असतं.

हा बाभळीचा काटा. चांगला बोटभर आहे. उपटला की फस्सकन फेस येतो. भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवायचं, सीलंट तिथे जमतं आणि भोक बुजतं. थोडी हवा मारायची आणि निघायचं. पंक्चरवाला शोधायची गरज नाही. तसाही तो पुढच्या गोवेली फाट्याशिवाय मिळणार नाही.

(दृश्य : ड्रोन. काळू नदी, रुंद्याचा पूल, पलीकडे शेतं.)

ही काळू. हरिश्चंद्रगड-माळशेजच्या डोंगरांतून निघून मुरबाड तालुक्यातून ती इथवर येते. रुंद्याचा हा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा टिटवाळ्याशी संपर्क तुटतो. आत्ता हिवाळा आहे, पाणी घोटाभर. नदी ओलांडली की फळेगाव. आणखी उत्तरेला खडवलीजवळून भातसा वाहते. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा तिचाच.

पुलापासून डांबर सोडायचं. डावीकडे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी. चढ आहेत, पण दमवणारे नाहीत. टेकाड चढायचं, उतरायचं, वहाळ ओलांडायचा, परत चढायचं. आभाळ स्वच्छ असलं तर उत्तरेला माहुलीचे सुळके दिसतात. बांधावरच्या काकांना वाट विचारली की ते आधी सायकलची किंमत विचारतात. खरी सांगू नये, वाट सांगायची राहून जाते.

(दृश्य : राब. पालापाचोळा, शेण, धूर.)

इथे थोडं थांबू. भात कापून झालंय, खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा उभा आहे. कोपऱ्यातल्या त्या तुकड्यावर ही माणसं काय करतायत? राब भाजतायत. जिथे पुढच्या जूनमध्ये भाताची रोपं टाकायची, त्या जागेवर आधी वाळलेलं शेण पसरतात. त्यावर झाडाच्या छाटलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मातीमुळे जाळ भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. आग वाऱ्याच्या उलट्या बाजूने लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते आणि जमीन खोलवर तापते. तणाचं बी जळतं, राख खत होते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर याच काळ्या चौकोनात भाताची रोपं सगळ्यात आधी हिरवी होतात. कृषी खातं गेली कित्येक वर्षं राब न भाजता रोपं तयार करायला सांगतंय. पाडे अजून भाजतायत. धूर नाकात जातो, सायकलवाल्यांनी थोडं लांबून जावं.

(दृश्य : बैलगाडी समोरून येते. सायकली बांधावर चढून वाट देतात.)

या वाटांना वय आहे. कल्याण हे सातवाहन काळातलं बंदर. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला जायचा, तिथून नाणेघाट चढून जुन्नरला. घाटमाथ्यावर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दोन हजार वर्षं व्यापाराची जनावरं ज्या पट्ट्यातून गेली, तो पट्टा हाच. वरचा थर बदलत राहिला, माती, मुरूम, खडी, मग डांबर, आणि आता काँक्रीट.

युरोपात अशा वाटांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. इटलीतल्या टस्कनीमध्ये द्राक्षाच्या मळ्यांतून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते एकेक करून डांबराखाली जात होते. 1997 मध्ये गायोले इन कियांती या गावातून जुन्या सायकलींची 'एरोइका' नावाची फेरी सुरू झाली. हे रस्ते खडीचेच राहावेत हा तिचा एक हेतू होता. आज ते रस्ते बघायला जगभरातून लोक जातात. अमेरिकेत कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये 2006 पासून खडीच्या रस्त्यावर 200 मैलांची शर्यत होते, आणि 2022 पासून ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते.

आपल्याकडे 2021 मध्ये राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांची, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा सुधारण्याची, योजना आणली. गरोदर बाईला चिखलातून डोलीत न्यावं लागतं तिथे पक्का रस्ता हवाच, त्यावर वाद नाही. पण काँक्रीट करताना कडेला मीटरभर मुरूमाची साइडपट्टी ठेवायला काय हरकत आहे? गुळगुळीत काँक्रीटवर बैलाचा पाय सटकतो. मग गाडीवान बैल कडेने हाकतो, आणि त्याच कडेने सायकल जाते. पट्टी ठेवली तर दोघांचं भागतं.

(दृश्य : रायत्याचा पूल, उल्हास नदी.)

टिटवाळ्याला मागे येऊन गोवेली फाटा, तिथून मुरबाड रस्त्याने रायते. हा तुकडा डंपर आणि ट्रकचा आहे, मान खाली घालून काढायचा. रायत्याचा पूल उल्हासवर. पुलाजवळून दहागावकडे वळलं की पुन्हा शांत. डावा-उजवा भाताचा पट्टा, मधून नदी दिसत राहते, आणि समोर मलंगगड, ताहुली, चंदेरीची रांग. दुपारच्या उन्हात चंदेरीचा सुळका एकटाच वेगळा पडतो.

(दृश्य : वीटभट्टी.)

नदीकाठच्या या वीटभट्ट्या. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पाडे सोडून इथे येतात, पावसाच्या तोंडावर परततात, बहुतेकांचा हंगाम घेतलेली उचल फेडण्यात जातो.

(दृश्य : बदलापूरजवळ उल्हास, रेल्वेमार्ग.)

बदलापूर दिसू लागलं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले, ते बदलापूर आणि वांगणीच्या मधे, याच नदीच्या पुरात. पूररेषेच्या आसपास प्लॉटिंगचे बोर्ड आता जागोजागी आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्या बाजूची शेतंही आता गोदामं झाली आहेत.

(दृश्य : सायकलींच्या चाकांवरचा लाल धुरळा, बदलापूर स्थानक.)

जायचं असेल तर दिवाळी ते होळी हा काळ. होळीनंतर ऊन झेपत नाही. पावसात चिखल ब्रेकमध्ये बसतो, आणि रुंद्याचं तर सांगितलंच. फळेगावनंतर दुकानाचा भरवसा नाही, पाणी दोन बाटल्या घ्या. वालाच्या रानातून सायकल घालू नका, बांधावरून उतरून चालत जा. सगळं मिळून 40 किलोमीटरच्या आसपास अंतर भरतं. बदलापूरहून लोकल आहेच, फक्त संध्याकाळच्या गर्दीच्या आधी पोचा, लगेजच्या डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते.

पुढचा भाग बारवी धरणाच्या बाजूचा.