कामकाजातून वगळलेला ठराव

[नॉर्थॅम्प्टन, अ‍ॅबिंग्टन चौक. पुतळा, भोवतीची रहदारी]

हा पुतळा चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा. एप्रिल १८८० मध्ये या गावानं त्यांना ब्रिटनच्या संसदेत, कॉमन्स सभागृहात निवडून पाठवलं. तिथली जागा निर्वेधपणे मिळायला जानेवारी १८८६ उजाडला. तोवर याच मतदारांनी त्यांना आणखी चार वेळा निवडून दिलं होतं.

[वेस्टमिन्स्टर. नदीच्या बाजूनं]

सदस्य व्हायचं तर शपथ हवी. नवा सदस्य टेबलापाशी येई, हाती बायबल घेई, राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ म्हणे, ग्रंथाचं चुंबन घेई आणि चर्मपत्रावर सही करी. ब्रॅडलॉ निरीश्वरवादी होते. ३ मे रोजी ते टेबलापाशी आले आणि म्हणाले, शपथेऐवजी मला प्रतिज्ञा, म्हणजे देवाचं नाव न घेता वचन, करू द्या. मागणी जगावेगळी नव्हती. क्वेकर पंथाच्या सदस्यांना तशी मुभा होती, आणि देव न मानणाऱ्या साक्षीदारालाही १८६९ पासून न्यायालयात ती मिळत होती.

प्रश्न समितीकडे गेला. मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या मतानं निकाल विरुद्ध लागला. ठीक, मग शपथ घेतो, असं ब्रॅडलॉ म्हणाले. आता हरकत उलटी आली: देव न मानणाऱ्याची शपथ खरी कशी धरायची?

[छापील कामकाजाचं पान. २२ जून १८८०]

हे पान थांबून वाचा. २७५ विरुद्ध २३० मतांनी ठराव मंजूर: ब्रॅडलॉ यांना शपथही घेऊ द्यायची नाही आणि प्रतिज्ञाही करू द्यायची नाही. म्हणजे हजारो मतदारांनी निवडलेला माणूस दारातच अडवायचा.

[घड्याळाचा मनोरा. खालून वर]

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहासमोर आपली बाजू मांडली. बाहेर जायला नकार दिला, म्हणून त्यांना याच मनोऱ्यातल्या कोठडीत ठेवण्यात आलं. चोवीस तासांतच सोडावं लागलं. जुलैत सभागृहानं प्रतिज्ञेला परवानगी दिली, पण कायदेशीर जोखीम त्यांचीच. शपथेविना मत दिलं तर दर मताला ५०० पौंड दंड होता. एका खासगी फिर्यादीनं दावा लावला, प्रतिज्ञा बेकायदा ठरली आणि जागा गेली. नॉर्थॅम्प्टननं त्यांना पुन्हा निवडून दिलं. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी त्यांना ओढत बाहेर काढलं.

[जुनं रेखाचित्र, जवळून]

२१ फेब्रुवारी १८८२. ब्रॅडलॉ चालत टेबलापाशी आले, खिशातून बायबल काढलं, शपथेचा कागद काढला, स्वतःच शपथ म्हटली आणि सही करून टाकली. दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. मार्चमध्ये नॉर्थॅम्प्टनचा कौल पुन्हा तोच.

अखेर १३ जानेवारी १८८६ ला नवे सभापती आर्थर पील यांनी हरकत घेऊ पाहणाऱ्यांना थांबवलं. निवडून आलेल्यानं शपथ घ्यावी असं कायदा सांगतो. त्याच्या आड येण्याचा अधिकार मला नाही आणि इतर कुणा सदस्यालाही नाही, ही त्यांची भूमिका. इतकी साधी गोष्ट सहा वर्षांपूर्वीही म्हणता आली असती.

[मुंबई. जुनी छायाचित्रं]

१८८८ मध्ये ब्रॅडलॉ यांनीच कायदा करून घेतला आणि प्रतिज्ञेची मुभा सर्वांना मिळाली. १८८९ च्या डिसेंबरात ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले आणि परत जाऊन भारतातल्या विधिमंडळांच्या सुधारणेचं विधेयक त्यांनी मांडलं. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी त्याच कॉमन्समध्ये गेले आणि त्यांनी अवेस्ता या आपल्या पारशी धर्मग्रंथावर शपथ घेतली.

[कामकाजाचं पान. २७ जानेवारी १८९१]

ब्रॅडलॉ अंथरुणाला खिळलेले असताना डॉ. हंटर या सदस्यानं प्रस्ताव आणला: १८८० चा तो ठराव सभागृहाच्या नोंदींतून वगळावा. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पाठिंबा दिला आणि प्रस्ताव मंजूर झाला. तीन दिवसांनी ब्रॅडलॉ गेले. पण काय वगळायचं हे सांगण्यासाठी तो ठराव पुन्हा उद्धृत करावाच लागला. म्हणून अडवणूक आणि दुरुस्ती, दोन्ही या छापील कामकाजात कुणालाही वाचता येतात.